आधी मगर कोणती, मग पाणी कुठलं

तळहाताएवढा हाडाचा एक चपटा तुकडा. वरच्या बाजूला गोल गोल खड्डे, ओल्या मातीवर कुणी बोटांची टोकं दाबत गेल्यासारखे. खालची बाजू जवळपास गुळगुळीत. मगरीचे जीवाश्म बहुतेक वेळा असेच हाती येतात: कातडीतली एखादी चकती, एखादा सुटा दात, एखादा मणका. अख्खी कवटी फार क्वचित मिळते. आणि एवढ्याशा तुकड्यावरून ‘इथे कधीकाळी उबदार, दलदलीचा प्रदेश होता’ असं विधान केलेलं आपण वाचतो. ते पुष्कळदा बरोबरही असतं. पण त्या तुकड्यापासून त्या विधानापर्यंतची वाट लांब आहे, आणि वाटेत आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: ही मगर नेमकी कोणती? हा प्रश्न टाळून पुढे गेलं की हमखास चूक होते. कारण मगरीच्या कुळात जन्मभर समुद्रात राहणारे होते, जमिनीवर पळणारे होते आणि झाडपाला खाणारेही होते.

दातांपासून सुरुवात करू, कारण तेच सर्वांत जास्त सापडतात. माणसाला दातांचे दोनच संच मिळतात. मगरीला आयुष्यभर नवे दात येत राहतात. मगरीच्याच मोठ्या कुळातल्या अमेरिकन अ‍ॅलिगेटरच्या तोंडात एका वेळी साधारण ८० दात असतात आणि प्रत्येक दाताखाली, त्याच्याच पोकळीत, पुढचा दात तयार होत असतो. नवा दात वर सरकू लागला की जुन्याचं मूळ विरघळतं आणि वरची टोपी गळून पडते. एका प्राण्याचे जन्मभरात असे दोन-तीन हजार दात पडू शकतात. म्हणूनच एखाद्या थरात शंभर दात मिळाले तर शंभर मगरी होत्या, असा हिशेब करता येत नाही. दोन-चार मगरींनीही तेवढे दात सहज टाकलेले असतील.

गळालेला दात ओळखायला सोपा: मूळ नाही, खालून पोकळ, शंकूच्या आकाराची टोपी. मूळ शाबूत असेल तर तो दात प्राणी मेल्यावर जबड्यातून निखळलेला असण्याची शक्यता जास्त. दात किंचित आतल्या बाजूला वळलेला असतो. पुढच्या आणि मागच्या अंगाला एकेक बारीक धार असते आणि एनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण चकचकीत थरावर, पुष्कळदा उभ्या बारीक सुरकुत्या दिसतात. मोसासॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांचे दातही शंकूसारखेच, पण त्यांच्या तळाशी हाडाचा भरीव, जाड बुंधा असतो आणि तो जबड्याला जखडलेला असतो. मगरीचा दात मात्र खोबणीत बसतो. त्यामुळे सुटा दात हातात आला की आधी तो उलटा करून तळ पाहायचा. टोकापेक्षा तळ जास्त बोलतो.

एवढं करूनही दात फसवतात. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात मिळालेल्या काही दातांना रिचर्ड ओवेन यांनी १८४१ साली ‘सुकोसॉरस’ असं नाव दिलं. अर्थच मगर-सरडा. ओवेन म्हणजे ‘डायनासोर’ हा शब्द जगाला देणारे शरीररचनाशास्त्रज्ञ. नजर कच्ची असलेला माणूस नव्हे. पुढे १९८३ साली इंग्लंडमध्येच सरे परगण्यातल्या मातीच्या खाणीत एक प्रचंड नखी सापडली. तिच्यामागोमाग बराचसा सांगाडा मिळाला आणि १९८६ मध्ये त्या डायनासोरचं ‘बॅरिओनिक्स’ असं नामकरण झालं. त्याचा जबडा लांब आणि अरुंद होता, दात शंकूसारखे होते आणि पोटाच्या जागी माशांचे खवले होते. हळूहळू लक्षात आलं की ‘सुकोसॉरस’चे ते दात मगरीचे नसून बॅरिओनिक्सच्याच नातलगाचे आहेत. दीडशे वर्षं एक डायनासोर मगरीच्या नावावर जमा होता. चूक का झाली हेही यातूनच कळतं. निसटता मासा पकडायला जो दात सोयीचा, तो मगरीतही घडला आणि डायनासोरमध्येही घडला. दात आहार सांगतो. कूळ सांगेलच असं नाही.

आता त्या खड्ड्याखड्ड्यांच्या चकतीकडे वळू. मगरीच्या पाठीवर शिंगासारख्या पदार्थाचे जे खवले दिसतात, त्यांच्याखाली कातडीतच हाडाच्या चकत्या असतात. त्या चिलखताचं काम करतात, त्यांच्यातल्या रक्तवाहिन्यांतून उष्णतेची देवाणघेवाण होते आणि मादीला अंड्याच्या कवचासाठी लागणारं कॅल्शियमही त्यांतून मिळतं. पुष्कळ चकत्यांवर मधोमध एक उभा कंगोरा असतो. पाठीवरच्या चकत्यांच्या पुढच्या काठाला बहुधा खड्डे नसलेली गुळगुळीत पट्टी असते, कारण तिथे आधीच्या चकतीची कड कौलासारखी वर चढलेली असते. ही पट्टी दिसली की ओळख जवळपास पक्की. घोळ होतो तो मऊ पाठीच्या कासवांशी. त्यांच्या कवचाच्या हाडावरही नक्षी असते. फरक असा की कासवाच्या तुकड्यावर बहुतेक वेळा कंगोऱ्यांची जाळी डोळ्यांत भरते, तर मगरीच्या चकतीवर सुटे, खोल खड्डे. चकतीवरून ‘मगर’ एवढं ठामपणे म्हणता येतं. जातीचं नाव सांगायचं तर सहसा जास्त पुरावा लागतो.

त्या मानाने मणका जास्त माहिती देतो. आजच्या मगरींचा मणका पुढून खोलगट आणि मागून फुगीर असतो. एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो आणि उखळीचा सांधा तयार होतो. जुन्या मगरींचे मणके दोन्ही बाजूंनी सपाट किंवा खोलगट असत. टाळूचंही तसंच. आजच्या मगरीच्या तोंडात हाडाचा लांबलचक टाळू असतो. नाकातून आलेली हवा त्याच्यावरून थेट घशाजवळ उतरते, म्हणून तोंड पाण्याने भरलेलं असलं तरी नाकपुड्या वर ठेवून ती श्वास घेऊ शकते. जुन्या मगरींमध्ये ही आतली नाकपुडी बरीच पुढे उघडायची. १८७५ साली ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी मणके आणि टाळू या दोन खुणांवरूनच मगरींच्या उत्क्रांतीचे टप्पे मांडले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये सापडलेली आणि २००६ साली नाव मिळालेली सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीची ‘इसिसफोर्डिया’ ही छोटी मगर आजच्या या रचनेच्या उंबरठ्यावर उभी आहे. मगर ‘कोट्यवधी वर्षं बदललीच नाही’ हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. ती बदलत होती. त्यातल्या एका शाखेचा नमुना काय तो आज आपल्यासमोर उरला आहे.

कवटी मिळाली तर मोठा घोळ मिटतो. ट्रायासिक काळातले, म्हणजे वीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचे, फायटोसॉर हे प्राणी हुबेहूब घडियालासारखे दिसत: लांब थुतरी, अणकुचीदार दात, पाठीवर हाडाच्या चकत्या. पण नाकपुड्या पाहा. मगरीच्या नाकपुड्या थुतरीच्या टोकाला असतात, फायटोसॉरच्या जवळपास डोळ्यांपाशी. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच जीवनपद्धती स्वीकारली आणि देह सारखा होत गेला. या मोठ्या कुळातल्या दोन शाखा, खरी मगर (क्रोकोडाइल) आणि अ‍ॅलिगेटर, वेगळ्या करायची खूणही कवटीतच आहे. खालच्या जबड्यातला चौथा दात मोठा असतो. मगरीत तो वरच्या जबड्याच्या कडेला असलेल्या खाचेत बसतो आणि तोंड मिटलं तरी बाहेरून दिसतो. अ‍ॅलिगेटरमध्ये तो वरच्या जबड्यातल्या खड्ड्यात शिरून झाकला जातो. दात नसले तरी ती खाच किंवा तो खड्डा हाडात शिल्लक राहतो.

इथवर झाली ओळख. आता तिच्यावरून परिसराकडे कसं जायचं ते पाहू.

ज्युरासिक काळातल्या, म्हणजे ढोबळमानाने वीस ते साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीच्या, मेट्रिओरिंकिड नावाच्या मगरींनी जमीन जवळजवळ सोडलीच होती. पाय वल्ह्यासारखे झाले, शेपटीच्या टोकाला माशासारखा पर आला आणि पाठीवरच्या हाडाच्या चकत्या नाहीशा झाल्या. अर्जेंटिनात मिळालेल्या अशा एका मगरीच्या कवटीत मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचे साचे दगडात टिकलेले सापडले. त्यांचं वर्णन २००० साली प्रसिद्ध झालं. खारं पाणी गिळणाऱ्या शरीराला जादा मीठ बाहेर टाकावंच लागतं, त्याचा हा थेट पुरावा. या मगरीचं हाड दलदल सांगत नाही, समुद्र सांगतं.

दुसऱ्या टोकाला मादागास्करची ‘सिमोसुकस’ आहे. क्रिटेशस काळाच्या अखेरीची, म्हणजे सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीची, जेमतेम पाऊण मीटर लांबीची, बसक्या तोंडाची. तिच्या दातांना एकाऐवजी अनेक टोकं आहेत, पानाच्या कातरलेल्या कडेसारखी. असा दात एकटा सापडला असता तर तो शाकाहारी डायनासोरचा म्हणून बाजूला ठेवला गेला असता. सांगाडा मिळाला म्हणून कळलं की ही जमिनीवर राहणारी, बहुधा झाडपाला खाणारी मगर होती. २०१९ साली नामशेष मगरींच्या दातांचा जो तौलनिक अभ्यास झाला, त्यानुसार या कुळात शाकाहार किमान तीन वेळा स्वतंत्रपणे उपजला. जर्मनीतल्या मेसेल इथल्या सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या तळ्याच्या गाळात तर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी मिळाले: पाण्यात राहणारी ‘डिप्लोसायनोडॉन’ आणि चपट्या, करवती धारेच्या दातांची, बोटांच्या टोकांना खुरासारखा आकार असलेली ‘बोव्हेरिसुकस’. एकाच गाळातल्या दोन मगरी, एक तळ्याविषयी सांगते आणि दुसरी काठावरच्या जंगलाविषयी.

ओळख बदलली की परिसराचा अर्थ कसा बदलतो, याचं सर्वांत चांगलं उदाहरण मला ‘डायनोसुकस’चं वाटतं. सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत राहणारी ही मगर दहा मीटरच्या आसपास वाढायची. तिच्या दातांच्या खुणा कासवांच्या पाठींवर आणि डायनासोरच्या हाडांवर आहेत. कातडीतल्या चकत्यांमध्ये वाढीची वर्तुळं असतात, झाडाच्या खोडात असतात तशी. ती मोजून १९९९ साली संशोधकांनी दाखवलं की ती इतर मगरींपेक्षा झपाट्याने वाढत नव्हती, तर सुमारे ३५ वर्षं वाढतच राहायची. पण खरं कोडं होतं तिच्या पसाऱ्याचं. त्या काळी उत्तर अमेरिकेच्या मधून उत्तर-दक्षिण समुद्र पसरलेला होता आणि डायनोसुकस त्याच्या दोन्ही काठांवर सापडते. बराच काळ तिला अ‍ॅलिगेटरच्या कुळात धरलं जात होतं. आजच्या अ‍ॅलिगेटरच्या जिभेवर मीठ टाकणाऱ्या कार्यक्षम ग्रंथी नाहीत, मगरींच्या असतात. म्हणून अ‍ॅलिगेटर खाऱ्या पाण्यात फार काळ तग धरत नाही. मग ही एवढा समुद्र ओलांडून कशी गेली? २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हाडांच्या खुणांची नव्याने तुलना करून ती अ‍ॅलिगेटरच्या शाखेबाहेरची, त्याआधीच फुटलेल्या शाखेतली असल्याचं मांडलं. तसं असेल तर खारं पाणी सोसण्याची जुनी क्षमता तिच्यात होती असं मानता येतं आणि कोडं सुटतं. हाड तेच, खडक तोच. वंशवृक्षात जागा बदलली आणि खारट पाणी वाटेतल्या अडथळ्याऐवजी रस्ता ठरलं.

आहाराचे बारकावेही परिसर उघडा करतात. पेरू देशात इकितोस शहराजवळ सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या थरात सात जातींच्या मगरी एकत्र सापडल्या. त्यांतल्या ‘नातुसुकस’चा खालचा जबडा फावड्यासारखा रुंद आणि मागचे दात गोट्यांसारखे गोल, एकमेकांना खेटून बसलेले. असे दात मासा पकडायला निरुपयोगी आणि शिंपला फोडायला उत्तम. त्याच थरांत शिंपल्यांची रेलचेल आहे. आजच्या अ‍ॅमेझॉन नदीच्या आधी तिथे तळी, पाणथळ आणि चिखलाचं एक विस्तीर्ण जाळं होतं, असं खडक सांगतातच. या मगरींच्या जबड्यांवरून त्या चिखलाच्या तळाशी काय होतं आणि कोण ते उकरत होतं हेही दिसतं. पुढे नदीची रचना बदलली, शिंपले कमी झाले आणि ते फोडणाऱ्या मगरीही गेल्या.

तापमानाचं गणित मात्र वेगळ्या प्रकारचं आहे. मगर स्वतःची उष्णता फारशी निर्माण करत नाही. बाहेरच्या उबेवर जगते. आजच्या मगरी जगात कुठे कुठे राहतात ते हवामानाच्या नोंदींशी ताडून पॉल मार्कविक यांनी १९९८ मध्ये ढोबळ मर्यादा काढली: वर्षाचं सरासरी तापमान निदान १४ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि सर्वांत थंड महिन्याची सरासरी सुमारे साडेपाच अंश. आता कॅनडाच्या उत्तर टोकाला असलेलं एल्समिअर बेट घ्या. आज तिथे बर्फ आहे. पण सुमारे सव्वापाच कोटी वर्षांपूर्वीच्या तिथल्या थरांत अ‍ॅलिगेटरकुळातल्या प्राण्यांची हाडं आहेत, सोबत कासवं आणि टॅपिर या लवचीक सोंडेच्या सस्तन प्राण्याचे नातलग. तेव्हाही ते बेट उत्तर ध्रुवाजवळच होतं, हिवाळ्यात काही महिने सूर्य उगवत नव्हता. तरीही त्या अंधाऱ्या हिवाळ्यात पाणी गोठून राहण्याइतकी थंडी पडत नसावी. झाडं, माती आणि इतर पुरावेही तेच सांगतात, म्हणून या निष्कर्षावर विश्वास बसतो. आणि इथेही ‘कोणती’ हा प्रश्न पाठ सोडत नाही. ही हाडं अ‍ॅलिगेटरकुळातली आहेत, आणि आजही या घराण्याला थंडी जास्त सोसते: डबकं गोठतं तेव्हा अमेरिकन अ‍ॅलिगेटर नाकाचं टोक बर्फाबाहेर ठेवून निपचित पडून राहतो. त्यामुळे त्या हाडांवरून ‘विषुववृत्तासारखी उष्णता’ असं म्हणणं जास्तीचं होईल. शिवाय ही मर्यादा आजच्या मगरींवरून काढलेली आहे; ज्युरासिक सागरी मगरींना ती जशीच्या तशी लावता येत नाही. आणि एखाद्या थरात मगर सापडली नाही, एवढ्यावरून तिथे थंडी होती असंही ठरत नाही. कदाचित तिथे पाणीच नसेल.

कधी कधी मगरीचं एकही हाड नसताना मगर ओळखता येते. हा पुरावा मला फार आवडतो. मगरीच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की गिळलेल्या लहान सस्तन प्राण्यांच्या दातांवरचं एनॅमल विरघळून जातं आणि आतला भाग मागे राहतो. १९८१ साली डॅनियल फिशर यांनी जिवंत मगरींच्या विष्ठेच्या अभ्यासातून हे दाखवलं. त्यामुळे एखाद्या थरात एनॅमल नसलेल्या छोट्या दातांचा साठा मिळाला तर तो मगरीच्या पोटातून आलेला असू शकतो. चाव्याच्या खुणाही अशाच. मगरीच्या दाताला दोन्हीकडे धार असल्याने हाडावर पडलेल्या खड्ड्यातून एक बारीक रेघ गेलेली दिसते, खड्ड्याचे दोन भाग करणारी. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या मानवपूर्वजाच्या पायाच्या हाडांवर अशा खुणा आहेत. तिथल्या मगरीला २०१० साली ‘क्रोकोडायलस अँथ्रोपोफॅगस’, म्हणजे माणूसखाऊ मगर, असं नाव मिळालं. आपले पूर्वज पाण्यापाशी येत होते आणि ते पाणी धोक्याचं होतं, हे त्या एका रेघेत आहे.

रसायनशास्त्राचीही मदत होते. पाण्यातल्या ऑक्सिजनचे जड आणि हलके प्रकार कोणत्या प्रमाणात आहेत याचा ठसा दात तयार होताना एनॅमलमध्ये उतरतो, आणि त्यावरून ते पाणी कसं होतं याचा अंदाज बांधता येतो.

पण या सगळ्याआधी तपासावं लागतं की तो तुकडा मुळात तिथलाच आहे का. दात आणि चकत्या कणखर असतात. नदी त्यांना कुठल्या कुठे वाहून नेते. जुना थर झिजून त्यातला दात लाखो वर्षांनंतर तयार झालेल्या थरात जाऊन बसतो. कडा घासून गोल झाल्या असतील, सुरकुत्या पुसट झाल्या असतील, तर तो प्रवास करून आला असं समजायचं. समुद्राच्या गाळात मिळालेला असा एक घासलेला दात सागरी मगर सिद्ध करत नाही. उलट सांगाड्याचे मणके ओळीने जागच्या जागी असतील तर ते जनावर तिथेच, किंवा अगदी जवळच मेलं.

तुकड्यावरून आकार काढतानाही हात आखडता ठेवावा लागतो. शिवालिक टेकड्यांतल्या ‘रॅम्फोसुकस’ची लांबी जबड्याच्या तुकड्यांवरून एके काळी १५ ते १८ मीटर सांगितली जाई. २००१ मध्ये नव्याने हिशेब केला तेव्हा ती ८ ते ११ मीटरवर आली. तरीही ती अजस्रच होती, आणि एवढ्या मोठ्या प्राण्याला पोसणारी नदीही तशीच मोठी असली पाहिजे.

म्हणून अशी एखादी खड्ड्याखड्ड्यांची चकती खडकातून डोकावताना दिसली तर ती उपटू नये. शेजारी काहीतरी मापाचं ठेवून फोटो काढावा, एक जवळून आणि एक लांबून, ज्यात आजूबाजूचे थर दिसतील. जागा नोंदवावी आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा संग्रहालयाला कळवावं. घरी आणलेल्या चकतीवरून ती मगरीची आहे हे नंतरही सांगता येईल. पण ती वाळूच्या थरात होती की काळ्या चिखलाच्या, तिच्या शेजारी शिंपले होते की झाडाची मुळं, हे तिच्या हाडात कुठेच लिहिलेलं नसतं.